रुपीबाईच्या फेटियाचे आरसे

बाभुळगावच्या बाजारात रुपीबाई भाजी घ्यायला वाकली की आधी तराजूच्या तळाला हात लावून पाही, खाली चिंच तर चिकटवलेली नाही ना. कोणी हसून बोललं तर तिला वाटे, याचं काही काम असावं; न हसता बोललं तर वाटे, याच्या पोटात काही असावं. तिचा नवरा धावजी म्हणायचा, ही बाई आरशात पाहतानाही आधी मागून कोण पाहतंय ते पाहते.

पण हा संशय काही तिचा एकटीचा उद्योग नव्हता. गावात कोणाची बकरी हरवली की पोलीस आधी गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात येत, मग बकरी शोधत. आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. आता ज्वारी-कापूस पेरण्यात दोन पिढ्या गेल्या, तरी गावाच्या लेखी तांडा अजून वाटेवरचाच होता. गाव जसं रुपीबाईकडे पाही, तसंच ती गावाकडे पाही. उधारी कोणाचीच नव्हती.

तरी तिनं पोरीला, गंगीला, गावच्या शाळेत घातलं होतं. कारणही संशयाचंच. सरकारी कागद दुसऱ्यानं वाचून दाखवला की तिचा विश्वास बसत नसे. वाचणारं माणूस घरातलंच पाहिजे होतं. तांड्यातून शाळेत जाणारी गंगी एकटीच.

पासष्टची लढाई थांबली आणि त्या हिवाळ्यात रुपीबाईच्या फेटियाचे आरसे गायब व्हायला लागले. फेटिया म्हणजे तिचा घेरदार घागरा. लग्नाच्या आधीपासून टाका टाका घालून भरलेला, अंगभर छोटे छोटे आरसे. पहिला संशय अर्थातच शेजारच्या सुखीबाईवर गेला.

"सुखी, तुह्या कांचळीवर नवे आरसे दिसून राह्यले."

"माह्या मायनं देल्ले. जवळ येऊन पाय, वाटलं तं."

रुपीबाईनं खरोखरच जवळ जाऊन पाहिलं. सुखीच्या चोळीवरचे आरसे गोल होते, हिचे चौकोनी. मग एका सकाळी चोर सापडला. वाळत घातलेल्या फेटियापाशी गंगी उकिडवी बसली होती आणि दातानं दोरा तोडत होती.

"काहून वं?"

गंगीनं तोडलेला आरसा मुठीत लपवला. मग म्हणाली, "याडी, हे आरसे काढून टाक. नाही तं मी शाळेत जात नाही."

आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं ते असं. लढाईच्या दिवसांत गावात दिवे विझवायची तालीम झाली होती. बाभुळगावात दिवे ते असे कितीसे, पण होते नव्हते ते कंदील लोकांनी मोठ्या अभिमानानं झाकले. विमान काही आलं नाही. न आलेल्या विमानाला इशारा कोण देत असेल, यावर मात्र पारावर पुष्कळ चर्चा झाली आणि ती तांड्यातल्या बायांच्या आरशांवर येऊन थांबली. मोठी माणसं बोलून विसरली. पोरांनी त्याचा खेळ केला. गंगी वर्गाच्या दारात आली की गुणवंता नावाचा पोरगा ओरडायचा, "ब्लॅकआऊट", आणि सगळा वर्ग डोळ्यांवर तळवे ठेवायचा. ती जागेवर बसेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहायचं नाही, असा नियम.

"अन गुरुजी काय म्हनते?"

"गुरुजी हासते."

रुपीबाईनं तोच फेटिया नेसला, उरलेल्या आरशांसकट, आणि गंगीला हाताशी धरून तिचं नाव शाळेतून काढायला निघाली.

शाळेच्या अंगणात जीप उभी होती. नागपूरहून फिल्लमवाले आले होते. लढाईनंतरच्या मुलांवर त्यांना माहितीपट काढायचा होता. हेडमास्तर नीळकंठ गुरुजींनी एकीचं गाणं बसवून ठेवलं होतं. फिल्लमवाल्या श्रीकृष्णसाहेबांनी ते ऐकून घेतलं आणि मुलांना विचारलं, "लढाईपासून तुम्ही काय काय खेळता?" मुलांनी खरं ते सांगितलं. लाजण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं.

"ते राहू द्या साहेब, पोरखेळ आहे," गुरुजी म्हणाले.

"तोच घ्यायचा आहे." साहेबांचं लक्ष दारातल्या गंगीकडे गेलं. "हीच का ती? चल बाळ आत, रोज जातेस तशी."

गंगी सवयीनं आत गेली. गुणवंता ओरडला. सगळे तळवे एकदम वर गेले. रुपीबाई ते पहिल्यांदाच पाहत होती. पोरीला कोणी मारलं असतं तर तिला समजलं असतं, त्याच्या दारात जाऊन भांडता आलं असतं. इथे तर कोणी काहीच करत नव्हतं.

"छान," साहेब म्हणाले. "पण उजेड कमी पडला. पुन्हा एकदा."

त्यांच्या जोडीदारानं जीपमधून दाराएवढी फळी काढली. तिच्यावर चंदेरी कागद डकवलेला होता. त्यानं ती उन्हात तिरपी धरली. उन्हाचा लखलखीत तुकडा छपरावरून सरकला आणि दारातून आत शिरला.

पुन्हा दारात आलेल्या गंगीचा दंड रुपीबाईनं धरला. "गुरुजी, हा मानूस कोनाले इशारा देऊन राह्यला?"

"इशारा कसला, रुपीबाई? खोलीत उजेड पाडतोय तो."

"माह्या नखाएवढ्या आरशानं विमानाले दिसते, अन याच्या दाराएवढ्या पत्र्यानं फक्त खोलीत दिसते? असं कसं जी?"

गुरुजी आधी फळीकडे, मग तिच्या फेटियाकडे पाहू लागले. कुंपणाशी जमलेल्या गर्दीला मात्र मुद्दा पटला. नानाजी कोतवाल पुढे आला. "साहेब, कोठचे म्हनले तुम्ही? कागद दाखवा बरं."

कागद नागपूरला राहिला होता. साहेब हसले. त्यांच्यासोबत कोणी हसलं नाही. गर्दी जरा मागे सरकली, आणि साहेबांना हात कुठे ठेवावेत ते कळेनासं झालं. तो चेहरा रुपीबाईच्या ओळखीचा होता. गावात बकरी हरवली की धावजीचा तसाच होई.

"सोडा त्याले, नानाजी," ती नाखुशीनंच म्हणाली. "उजेडच पाडून राह्यला थो. आरशानं दुसरं होते काय?"

गुणवंताचे तळवे डोळ्यांवरून कधीचेच खाली आले होते. "मंग तुमच्या आरशानं?"

"तेच. पाय."

दारातल्या उन्हात ती जराशी वळली. उजेडाचे ठिपके भिंतीवरून, फळ्यावरून फिरत गुणवंताच्या सदऱ्यावर आले. त्यानं ते झटकून पाहिले.

साहेबांनी कॅमेरा उचलला. "बाई, पुन्हा एकदा तसंच—"

"नाही. तुमचा उजेड तुम्ही आना." आणि ती गंगीला घेऊन निघाली. या गडबडीत नाव काढायचं राहून गेलं.

ती फिल्लम बाभुळगावात कधी आली नाही. रुपीबाईला खात्री होती की त्यांनी गाणंच ठेवलं असणार.

दुसऱ्या दिवशी ती गंगीच्या मागोमाग गेली आणि खिडकीबाहेर उभी राहिली. आज पुन्हा तळवे वर गेले तर नाव काढायचंच, हे ठरलेलं होतं. गंगी दारात आली. गुणवंताचे हात कानापर्यंत गेले, बाकी कोणाचेच उठले नाहीत, तेव्हा त्यानं डोकं खाजवून घेतलं. गुरुजींची मुलगी शोभा जागा द्यायला टाटपट्टीवर थोडी सरकली. गंगी बसली.

हे पोट्टे इतके गुमान काहून? रुपीबाईला ओरडण्यापेक्षा ही शांतता जास्त खुपली. ती तिसऱ्या दिवशीही आली, चौथ्याही. संक्रांतीपर्यंत खिडकी तिनं सोडली नाही. शेवटी गंगीच म्हणाली, "याडी, तू आता घरी ऱ्हाय. पोट्टे इचारते, तुही माय कोनावर पाळत ठेवते म्हून."

रुपीबाई घरी राहिली. गंगीनं काडेपेटीत जपून ठेवलेले आरसे परत दिले होते, ते ती दिवसभर फेटियावर टाचत बसली. एक कमी भरला. सुखीबाईचे गोल होते खरे, पण पाहून घ्यायला काय जातं, म्हणून ती उठली.