सत्ताविसावं पान

मला त्या संकटातून बाहेर काढलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या हेडक्लार्क काकांनी, आणि क्रम मोडून केलेलं काम देवालाही मंजूर नसतं असं मानणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस अख्ख्या कोपरखैरण्यात सापडायचा नाही. बेलापूरच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी घरात आवक-जावकची वही चालूच होती. दूध आलं की आवक, रद्दी गेली की जावक. ठाण्याच्या मुलीने पाठवलेल्या पुरणपोळ्यांनाही नंबर पडायचा, आणि तो पडेपर्यंत डब्याला हात लावायची सोय नव्हती.

मी तेव्हा त्यांच्या समोरच्या घरात, ताई आणि दादा या नवराबायकोकडे, राहून घरकाम करायचे. सातवीत शाळा सुटलेली, गाव परभणीकडे, इथे आपलं म्हणावं असं कुणी नाही. ताई आणि दादा आठवडाभर फिरायला गेले. जाताना ताई म्हणाल्या, "माझ्या कॉटनच्या साड्या तेवढ्या धुऊन ठेव." चार दिवसांनी मी साड्या काढल्या. मला वाटलं, नुसत्या कशाला? आमच्या आईची खळ गावात नावाजलेली. तांदळाची घट्ट पेज केली आणि न गाळता दिली मशीनमध्ये ओतून. मशीन जरा घुमलं, कण्हलं आणि पाणी पोटात धरून बसलं. दार उघडेना, साड्या आत. काम गेलं तर डोक्यावरचं छप्परही जाणार होतं. मी काकांच्या दारात जाऊन रडले.

"टेन्शन घेऊ नकोस," काका म्हणाले. "अर्ज आण."

"कसला अर्ज, काका?"

"मशीन बंद पडल्याचा. तोंडी तक्रारीवर मी पाना उचलत नाही."

शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. चार ओळींत दुपार गेली, आणि त्यातही खळीचं नाव काढलं नाही. काकांनी अर्ज वाचला, मग मशीनच्या काचेतून आत पाहिलं. "पाणी पांढरं कसं गं? पोरी, चूक लपवायची नसते, नोंदवायची असते. लिही." लिहिलं.

मग काकांनी मशीनबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. 'लहान मुलांना दूर ठेवावे' वाचून त्यांनी पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं, मूल नसल्याची खात्री केली आणि बरोबरची खूण केली. मशीनच्या पुढच्या बाजूला, खाली, एक छोटं झाकण मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

"काका, हे झाकण कसलं?"

"ते पान अजून आलेलं नाही."

अकराला चहा, दीडला जेवण, साडेपाचला पाना खाली. स्क्रू अर्धा फिरलेला असला तरी. दुसऱ्या दिवशी मागचा पत्रा निघाला. एकेक स्क्रू वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नंबर, नंबरखाली सही. मी तोवर घरातले चादरी-पडदे हाताने बडवत होते. कंबर धरली होती, आणि ताई यायला एकच दिवस उरला होता.

तिसऱ्या दिवशी सत्ताविसावं पान आलं: 'गाळणी साफ करणे'. काकांनी ते छोटं झाकण फिरवलं. खाली धरलेल्या परातीत पाणी आलं आणि पाण्यामागून खरवसासारखा खळीचा गोळा. पाच मिनिटांत दार उघडलं. घरभर आंबलेल्या इडलीच्या पिठाचा वास सुटला.

"बघितलंस?" काका म्हणाले. "क्रमाने गेलं की सापडतं!"

मी बादली पुढे ओढली. साड्या पुन्हा धुवायच्या होत्या.

ताई आल्या. मी तोंड उघडायच्या आत काकांनी अर्ज त्यांच्या हातात दिला. खाली शेरा होता: 'अर्जदाराने चूक स्वतः कळवली आहे. कामावर ठेवण्यास हरकत नसावी.' ताईंनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरत म्हणाल्या, "खळ बादलीत घालायची असते गं."

त्यानंतर काका मला रोज एक अर्ज लिहायला लावायचे. गळक्या नळाचा, करकरणाऱ्या पंख्याचा, एकदा तर न उगवलेल्या तुळशीचा. त्या अर्जांनीच माझा हात लिहिता झाला. आता काका ठाण्याला मुलीकडे असतात. हात कापतो, म्हणून वहीत मुलगी नोंदी करते, आणि तिचा क्रम चुकतो अशी त्यांची तक्रार असते.

मी यंदा बाहेरून दहावीचा फॉर्म भरलाय. भीती वाटते. पण काका, तोंडी आभार तुम्हाला चालायचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पास होईन त्या दिवशी गुणपत्रिका घेऊन तुमच्याकडे येईन, आणि तुमच्या हातचा आवक नंबर पडेपर्यंत, कितीही वेळ लागो, दारातच उभी राहीन.