परबांच्या वहीतलं तिसरं नाव

दत्ताराम परब गेल्याचं मला त्यांच्या पुतण्याने, सदाने, फोनवर सांगितलं. कचेरीतली सकाळची बैठक संपत आली होती. "आबा गेले. काल दुपारी, झोपेतच," एवढं सांगून तो म्हणाला, "तुमच्या पेपरात चार ओळी येतील का?" येतील, असं मी म्हणालो. परबांनी आमच्या पुरवणीत कित्येक वर्षं 'किनाऱ्यावरचं ताट' हे सदर लिहिलं होतं. रत्नागिरीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत प्रवास करणाऱ्याने कुठे जेवावं, तिथे काय मागावं आणि काय मागू नये, एवढाच त्याचा विषय. पुरवणीचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक मजकूर माझ्या हाताखालून गेला. चार ओळींबरोबर एक फोटो हवा होता. एखाद्या खानावळीत ताटावर बसलेले परब... असा फोटो असणारच, हे मी धरून चाललो.

मुंबईत भोईवाड्यात गावकरी मंडळाची खोली आहे, तिथे ते राहायचे. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली, भिंतीलगत प्रत्येकाची एक ट्रंक आणि ट्रंकेसमोर झोपण्यापुरती जागा. फोटोसाठी मी तिथे गेलो, तेव्हा सदाने चहा मागवला. मी फोटोचा विषय काढला.

"कोकणातला फोटो कुठनं आणू? आबा गिरणीच्या संपात गावाहून परतले ते पुन्हा कोकणात गेलेच नाहीत."

"गेले नाहीत म्हणजे?"

"म्हणजे गेले नाहीत. पनवेलच्या पुढे नाहीच."

काहीतरी घोटाळा होतोय, असं मी म्हणालो. ते दर पंधरवड्याला एका खानावळीवर लिहीत होते, वाढणाऱ्या बाईच्या हातातल्या पळीपर्यंत. सदा म्हणाला, "माहितेय की. आम्हीच सांगायचो ना त्यांना."

मग त्याने जे सांगितलं, ते क्रमाने असं. परब गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. संप लांबला तेव्हा बाकीच्यांसारखे तेही गावी गेले. काही महिन्यांनी गिरणी सुरू होतेय अशी आवई उठली आणि ते मुंबईला निघाले. निघताना त्यांनी गुरवाकरवी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं: गिरणी सुरू होऊन साचा हातात आला की नारळ घेऊन येईन, तोवर गावात पाय ठेवणार नाही. गिरणी सुरू झाली नाही. तिच्या जागेवर आता कचेऱ्यांचे मनोरे आहेत. परब लालबागला मसाला कुटण्याच्या डंखावर कामाला लागले आणि देवाला दिलेला शब्द तसाच राहिला. असा शब्द सोडवता येतो. गुरव दुसरं गाऱ्हाणं घालतो आणि माणूस मोकळा होतो. सदाने हे त्यांना अनेकदा सांगितलं होतं. त्यावर ते म्हणायचे, "देवाक सांगितलंय, गिरणी सुरू झाली की येतलंय. झाली काय सुरू?" मी विचारलं, शब्द तर गावापुरता होता, मग मालवणला किंवा देवगडला जायला काय हरकत होती? सदा म्हणाला, "तेही विचारलं होतं. म्हणाले, गावावरनं पुढे जेवायला जायचं आणि गावात शिरायचं नाही, ता बरां दिसणा नाय."

आमची ओळखही डंखावरच झाली. उन्हाळ्यात मिरच्या घेऊन गेलो होतो आणि नुकताच मालवणहून परतलो होतो. मिरच्यांचा खकाणा उडत होता, रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून उभ्या होत्या. डंखावरचा माणूस मात्र न शिंकता विचारत होता, "वाटेत खंय जेवलात?" मी सांगितलं. त्याने पुढे विचारलं, "कढी आधी वाढली की मागसून?" मला आठवेना. तो म्हणाला, "मागसून. ती बाई भात अर्धा झाल्याशिवाय कढी देत नाय." माझ्या मागे उभ्या असलेल्या एका बाईने मान डोलावली. मी त्यांना तिथेच लिहायला सांगितलं. ते म्हणाले, लिहीन, पण तीन जेवणं जमल्याशिवाय खानावळीचं नाव द्यायचं नाही. मला ते पटलं. बातमीलाही आम्ही इतका आधार मागत नाही.

सदाने ट्रंक उघडून त्यांची वही दिली. एका पानावर एक खानावळ. मासा कोणता, मसाल्यात धणे किती, दार कुठल्या दिशेला, बाईला गुडघेदुखी असल्याने कुठल्या वारी बंद. खाली तीन नावं. मी तारखा शोधत होतो... तारखा नव्हत्याच. तीन जेवणं म्हणजे परबांच्या तीन खेपा, असं मी समजत आलो होतो. ती तीन वेगळ्या माणसांची जेवणं होती. डंखावर आलेली, खोलीत उतरलेली, एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगणारी तीन माणसं. वेंगुर्ल्याच्या एका पानावर तिसरं नाव माझं होतं. त्यांच्या कच्च्या टिपणावरून मी तिथे मुलांना घेऊन गेलो होतो. परत आल्यावर परबांनी मला तासभर प्रश्न विचारले होते आणि पुढच्याच पंधरवड्यात ती खानावळ सदरात आली होती. तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना तिथली आठवण येतेय.

घरी जाऊन सगळी कात्रणं काढली. त्यांनी वाचकांना फसवलं का, हे मला बघायचं होतं. परबांच्या हस्ताक्षरातल्या मूळ मजकुरात 'मी' कुठेही नाही. भाकरी मिळते, तिखट बेताचं असतं, बसायला बाकडं आहे... एवढंच. छापील सदरावर मात्र दर वेळी एक ओळ होती: 'स्वतः जेवून पारखलेली ठिकाणं'. ही ओळ माझी. पहिलं सदर छापून आलं त्या दिवशी परब कचेरीत आले होते. अंगाला मिरचीचा वास, हातात अंक. "तो 'स्वतः' शब्द नको होतो," ते म्हणाले. मी म्हणालो, "आबा, त्याने वाचकांचा विश्वास बसतो." त्यांनी चहा घेतला, अंक घडी करून खिशात ठेवला आणि गेले. पुढे संपादकांनी त्यांना छायाचित्रकाराबरोबर कोकणात पाठवायचं ठरवलं, तेव्हा ते म्हणाले, "त्याकाच धाडा. माका डंख सोडूक जमाचा नाय." छायाचित्रकार परत येऊन म्हणाला, तिथे परबांना कोणी ओळखत नाही. मी हसून सोडून दिलं. एखाद्या वार्ताहराने असं टाळलं असतं तर मी चालवून घेतलं नसतं.

आमच्याकडे चूक छापली गेली तर खुलासा देण्याची पद्धत आहे. मी तो तीनदा लिहायला बसलो. मजकुरात चूक नाही, नावं बरोबर, रस्ते बरोबर, कढीसुद्धा बरोबर. चुकीचा तेवढा एकच शब्द, आणि तो ज्यांच्या नावावर छापला ते आता नाहीत. ते का गप्प राहिले, हे मला अजून कळलेलं नाही. मला दुखवायचं नव्हतं, की त्या एका शब्दापुरतं का होईना, आपण तिथे जाऊन जेवलो असं त्यांना आवडत होतं? दोन्ही उत्तरं मला खरी वाटतात आणि त्यातलं एक निवडता येत नाही. खुलासा म्हणून हाच लेख घ्यावा.

वही माझ्याकडेच आहे. तिच्या शेवटच्या भरलेल्या पानावर परबांच्या स्वतःच्या गावाच्या फाट्यावरची खानावळ आहे. खाली दोनच नावं, तिसरी ओळ कोरी. मागच्या आठवड्यात सदा गावाहून आला. काकांच्या नावाने त्याने देवाला नारळ दिला आणि गुरवाकरवी गाऱ्हाणं घालून त्यांचा शब्द सोडवला. हे सांगायला तो कचेरीत आला होता. गुरव काय म्हणाला, देऊळ आता कसं आहे, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं, "वाटेत कुठे जेवलास?"

"आपल्या फाट्यावर," तो म्हणाला.

मी खणातून वही काढली, पान उघडलं आणि पेनचं टोपण काढलं.

"कढी आधी वाढली की मागाहून?"

सदा आठवू लागला...