करंजीखालचा झिरा

आधीच सांगते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. जालन्याच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतेय. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवते आणि प्रत्येकाचं उत्तर काढते... मांजर होतं, वारा होता, ताप होता. शेजारी बसणाऱ्या मॅडम म्हणतात, तुमच्यावर वेळ आली की बघू. तर वेळ आली. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आधी इथे लिहितेय.

माझं माहेर मंठ्यापासून तेरा किलोमीटरवर. गावामागे बोडखा नावाचा डोंगर आहे — डोक्यावर एक झाड नाही, म्हणून बोडखा. तो चढून पलीकडे उतरलं की पूर्णा नदी, आणि नदीच्या काठाकाठानं वळसा घालून परत गाव. सगळं मिळून चार-साडेचार तासांचं चालणं. माझे वडील, अण्णा, ही फेरी वर्षातून चारदा करायचे. पोळ्यानंतर, दिवाळीनंतर, पळस फुलला की, आणि ऐन वैशाखात. घरी शेती, बैल, हजार कामं. पण फेरीच्या दिवशी कामाचं नाव नाही. "अण्णा चालले बोडख्यावर मोसंबी लावायला," असं म्हणून गाव हसायचं. अण्णा म्हणायचे, "आपलं शिवार चारी मोसमात बघितलं न्हाई तर माणूस पाहुणाच राह्यतो." मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्यासोबत जायचे. लग्नानंतरही चारातल्या दोन फेऱ्या मी कधी चुकवल्या नाहीत.

उन्हाळ्यात पूर्णा आमच्याकडे आटते. वरून कोरडी वाळू, पण हात-दीड हात उकरलं की खालून पाणी पाझरतं. त्या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणतो. नदीत एक मोठा काळा खडक आहे, त्याच्या पायथ्याशी अण्णा दर वैशाखात झिरा काढायचे. त्याचेही नियम होते. पहिलं गढूळ पाणी दोनदा उपसून टाकायचं, तिसऱ्यांदा आलेलं प्यायचं. पिऊन झाल्यावर झिरा बुजवायचा नाही. तीन ओंजळी वाळू आणखी काढायची, पुढच्याला पाणी लवकर मिळावं म्हणून, आणि जनावरांनी घाण करू नये म्हणून वर बाभळीची फांदी टाकायची. आणि अण्णा डावखुरे. बाकी सगळ्यांच्या झिऱ्याला वाळूचा ढीग बसणाऱ्याच्या उजव्या अंगाला, अण्णांच्या झिऱ्याला डाव्या. गुराखी लांबूनच ओळखायचे.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर अण्णांना लकवा मारला. डावी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं पण राहिलं, पाय काठीच्या आधारानं टेकू लागला. हात मात्र मेल्यासारखा. फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं की पहिल्या वर्षात रोज व्यायाम झाला तर हात थोडाफार परत येईल, नाहीतर विसरा. पळस फुलेपर्यंत अण्णांनी केला. मग एक दिवस भिंतीकडे तोंड करून जे पडले, ते माय जेवायला उठवायची तेव्हाच उठायचे.

गेल्या वर्षी मी मे महिन्याच्या सुट्टीत गेले, तेव्हा हे चालू होतं. मला रागच आला. आयुष्यभर ज्या माणसानं मला चालायला लावलं, तो आता पडून राहणार?

"हात गेला माझा," अण्णा म्हणाले. "दगड बांधल्यावानी लटकून राह्यला. त्याला हलवून काय करता?"

"मग मी सांगते तसं करा. वैशाखाची फेरी मी आज एकटी करून येते. आले की उद्यापासून तुमचा व्यायाम. बराबर?"

"एकटी? तुझ्याच्यानं व्हायची न्हाई ती. बिलकुल न्हाई."

"बघाच."

माय मध्ये पडली, म्हणाली ऊन चढलंय, उद्या पहाटे जा. पण उद्यावर टाकलं असतं तर अण्णांनी ते मोडून काढलं असतं, त्यांचीच लेक आहे मी. या वादावादीत निघायलाच साडेआठ झाले. आणि दुसरी चूक — मी पाण्याची एकच बाटली घेतली. अण्णांनी कधी जास्त घेऊ दिलीच नाही. "नदीला चाललो न आपण? मंग पाणी वाहून नेणं म्हंजे नदीवर अविश्वास," असं ते म्हणायचे. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं या वाक्यावर भरवसा ठेवून मे महिन्यात डोंगर चढावा, याचं मला आजही नवल वाटतं.

बोडख्यावरच बाटली संपली. खाली उतरून नदीत पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते, मोबाइलवर पाहिलं होतं. रेंज नव्हती. काळ्या खडकाशी आले आणि बघतच राहिले. वाळूच नव्हती. त्या वर्षात वाळूच्या गाड्यांनी ती सगळी उचलून नेली होती. उरले होते खड्डे आणि फुटलेली काळी चिकणमाती. तरी मी उकरलं. दोन नखं तुटली, हातभर खाली मुरूम लागला, पाणी नाही. मग लक्षात आलं की मला घाम येत नाहीये. अंग तापलेलं आणि कोरडं. याचा अर्थ काय, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवते.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की मी इथे पडले तर अण्णा परत कधी उठणार नाहीत. त्या एका विचारावर मी चालत राहिले. नदीच्या वळणावर, दोनशे पावलांवर करंजीचं एक झाड आहे; तिथली वाळू तेवढी गाड्यांच्या तावडीतून सुटली होती. तिथे आम्ही कधी थांबत नसू. निदान सावली तरी मिळेल म्हणून तिकडे गेले.

करंजीखाली झिरा होता.

ताजा. वर बाभळीची फांदी. बसायच्या बाजूला उतार केलेला आणि वाळूचा ढीग डाव्या अंगाला. ढीग ओला होता, आणि त्या उन्हात ओली वाळू दहा-पंधरा मिनिटांत वरून पांढरी पडते. म्हणजे काढणारा आत्ताच गेला असणार. मी हाका मारल्या. नदीचं पात्र दोन्हीकडे लांबपर्यंत उघडं होतं, कुणी नव्हतं. आसपासच्या वाळूत पावलं शोधली. माझीच होती.

पाणी थोडं गढूळ होतं, उपसायचं राहून गेल्यासारखं. मला उपसायला धीर नव्हता. ओढणीतून गाळून तसंच प्यायले, डोक्यावर ओतलं, ओढणी भिजवून अंगावर घेतली आणि तिथेच आडवी झाले. चारनंतर ऊन कललं. निघताना तीन ओंजळी वाळू काढली, फांदी ठेवली. हे सगळं मी सवयीनं केलं, डोकं चालत नव्हतं.

घरी पोचले तर माय अंगणातच उभी. डोळे रडून लाल, आणि चेहरा हसरा.

"नंदे, ह्यांचा हात हलला," ती म्हणाली. "तू गेली न, त्याच्यानंतर झोपी गेल्ते. साडेअकरा झाले असतील, मी भाकरी टाकून राह्यले व्हते, तर ह्यांचा डावा हात गादी उकरायला लागला. सारखा. चादर फाटली बघ. घामानं निथळून गेले मंग थांबला."

चादर खरंच फाटली होती. अण्णा जागे होते. मी म्हणाले, "फेरी झाली. आता तुमची पाळी." त्यांनी मान हलवली.

फिजिओथेरपिस्ट म्हणाले, होतं असं कधीकधी, झोपेत स्नायू जागे होतात. मलाही तेच पटलं. करंजीखालचा झिरा कुण्या डावखुऱ्या गुराख्यानं काढला असणार, खडकाळ जमिनीवरून निघून गेला असणार. योगायोग. तरीही मी एक केलं — त्या झिऱ्याबद्दल कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. मायलासुद्धा नाही. फक्त "पाणी मिळालं" एवढंच बोलले. अण्णांच्या कानावर जाऊन प्रयोगात भेसळ नको म्हणून.

अण्णांनी मात्र शब्द पाळला. पोळ्याला त्यांनी डाव्या हातानं बैलाला पुरणपोळी भरवली. अर्धी खाली पडली, तरी भरवली. दिवाळीत वेशीपर्यंत चालले. पळस फुलला तेव्हा बोडख्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले आणि मी वर जाऊन आले. यंदाच्या वैशाखात म्हणाले, "डोंगर न्हाई जमायचा. पण नदीला घेऊन चल. झिरा मी काढतो."

चुलतभावाच्या जीपमधून आम्ही सकाळी सहालाच नदीवर पोचलो. भाऊ गाडीपाशी थांबला. मी मुद्दाम अण्णांचा हात धरून काळ्या खडकाकडे वळले. लकवा मारल्यापासून ते इकडे आले नव्हते. पण त्यांनी काठी उचलून वळणाकडे दाखवली.

"तिकडं कुठं? करंजीखाली चल."

मी त्यांना घेऊन वळणाकडे निघाले.

करंजीखाली ते बसले आणि डाव्या हातानं वाळू काढू लागले. बोटं पूर्ण मिटत नाहीत अजून, निम्मी वाळू सांडायची. मी पुढे झाले की "राहू दे" म्हणायचे. पाऊण तास लागला. पाणी पाझरलं. त्यांनी ते उपसून टाकलं. पुन्हा भरलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा भरलं तेव्हा पळसाच्या पानाचा द्रोण करून माझ्यापुढे धरला.

"घे," अण्णा म्हणाले. "आता नितळ हाय. मागल्या टायमाला जल्दी झाली, गढूळच पाजलं तुला."

मी विचारलं, "मागल्या कुठल्या टायमाला, अण्णा?"

"उन्हानं पोळून निघाल्ती तू," ते म्हणाले, आणि पुढे काही विचारायच्या आत झिऱ्याकडे वळून वाळू काढायला लागले. एक ओंजळ, दुसरी, तिसरी.

मांजर नव्हतं, वारा नव्हता, आणि ताप मला असेल, अण्णांना नव्हता. त्यांना मी परत विचारलं नाही, विचारणारही नाही. द्रोण हातात होता, तो मी प्यायले. मग खाली बसून त्यांच्या ढिगात माझ्याही तीन ओंजळी टाकल्या, डाव्या अंगाला.