पश्चिमेकडची सही

ताडकळसला आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातलेली, गेली वीस वर्षं मी चालवते. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, एवढंच दळण. उन्हाळा लागला की गावातल्या बायका लाल मिरच्यांची गाठोडी घेऊन परभणीला निघायच्या, कारण मिरची कांडायचं यंत्र गावात नव्हतं. माझ्याच दारावरून त्या एसटीला जायच्या आणि दरवर्षी माझा जीव चडफडायचा.

असं यंत्र घ्यायला सरकारी योजनेतून मदत मिळते आणि कागद करून द्यायला जिल्ह्याहून माणूस येतो, असं कळलं तेव्हा मी हसले होते. फुकट कागद करून देणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. पण आली एकजण, पस्तिशीची बाई, स्कूटीवर. गिरणीतल्या बाकड्यावर बसून तिनं माझा घराचा उतारा, वीजबिल, आधार, सगळं मोबाइलवर टिपून घेतलं आणि अर्ज तिथंच भरला. पीठ उडून तिचे केस पांढरे झाले, तरी जागची हलली नाही. मी थक्क होऊन तिच्या बोटांकडं बघत राहिले. चहा विचारायचंही भान राहिलं नाही.

राहिला एकच कागद, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. त्यासाठी शेजाऱ्यांची संमती हवी होती. पूर्वेला रस्ता, त्यापलीकडं माळ. तिथं सही कुणाची घेणार? उत्तरेला दीर, दक्षिणेला एक शेळ्यावाले. दोघांनी कागद न वाचताच सह्या केल्या. आमच्याकडं सही मागितली की माणूस 'कुठं करू?' एवढंच विचारतो. पश्चिमेला गुरुजी राहतात.

गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. दमा जुना, पंप कायम खिशात. मी पेढे घेऊन गेले आणि तिथंच चुकले, कारण कामाआधी पेढे नेणं म्हणजे सही गृहीत धरणं. त्यांनी पुडा बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला.

"सूनबाई, माझी हरकत हाय," ते म्हणाले. "मिरचीची धूळ उडाली की मला श्वास घेता येत न्हाई. खोटं कसं लिहू?"

आणि त्यांनी माझ्यादेखत त्या संमतीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हरकत आहे'.

मी तणतणत घरी आले. एवढ्या वर्षांचा शेजार, त्यांचं दळण मी रांग मोडून करून देते, आणि ऐन वेळी हे! गावातल्या एकानं सुचवलं, नवा कागद करा आणि त्या बाजूला पडीक जागा दाखवून मोकळ्या व्हा. मी लगेच त्या बाईंना फोन लावला.

"काकू, यंत्र पुढच्या साली बी मिळंल," त्या म्हणाल्या. "त्यांचा श्वास कुठून आणायचा? आपण त्यांनाच विचारू, काय केलं तर हरकत राहणार न्हाई."

मला त्यांचा रागच आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गुरुजींच्या ओसरीवर बसलो. बाईंनी प्रश्न विचारला. गुरुजी आत गेले आणि एक जाडजूड वही घेऊन आले. त्या वहीत वारा लिहिलेला होता! ज्या ज्या दिवशी दम लागला, त्या दिवशी वारा कुठून होता, किती वाजता, हवेत काय होतं, सगळं. कुठं हळद, कुठं सोयाबीनचं भूस. ज्या हवेत मी जन्म काढला, ती कुठून कुठं जाते हे मला ठाऊक नव्हतं आणि या माणसाला तासातासाचं ठाऊक होतं. मग एका पानावर मला दिसलं, 'गिरणीचं पीठ'. पुढं चार-सहा पानांवर पुन्हा तेच. गुरुजी कधी एका शब्दानं बोलले नव्हते.

मला मान वर करवेना.

"उन्हाळ्यात दुपारी बारानंतर वारा माझ्याकडनं तुमच्याकडं जातो, दिवस मावळंपर्यंत," गुरुजी म्हणाले. "तेवढ्या वेळातच मिरची कांडा. यंत्र रस्त्याच्या अंगाला बसवा, धुळीला कापडी पिशवी लावा. अन् बाजाराच्या दिवशी बंद, समोर माळावर माणसं बसत्यात. आधी एकदा चालवून दाखवा. मला झेपलं तर सही करतो."

बाईंनी परभणीच्या दुकानदाराला गळ घालून टेम्पोतून एक यंत्र नुसतं दाखवायला आणवलं. दुपारी एकला मी बटण दाबलं. मिरचीकडं माझं लक्षच नव्हतं, डोळे ओसरीवर. गुरुजी पंप हातात धरून खुर्चीवर ताठ बसलेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आणि खोकला आला.

मी झडप घालून यंत्र बंद केलं आणि तशीच पळाले. माझं यंत्र गेलं खड्ड्यात, त्यांना काही व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. खोकला थांबेना. डोळ्यांतून पाणी गळत असताना गुरुजी हातानं मला मागं पिटाळत होते.

"बंद कामून केलं?" ते कसेबसे म्हणाले. "ही आमच्याच घरची फोडणी हाय!"

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं.

आणखी तासभर यंत्र चाललं, गुरुजी बसून राहिले. मग त्यांनी तोच कागद मागितला. आधीचं खोडलं नाही. 'हरकत आहे'च्या खाली लिहिलं, 'दुपारी बारानंतर नाही', सगळ्या अटी नीट मांडल्या आणि सही केली. दाखला मिळाला, यंत्र आलं. आता उन्हाळ्यात बायका माझ्याकडंच येतात आणि बारा वाजायची वाट बघत बसतात.

मिरचीच्या यंत्राला पिशवी लावली त्याच दिवशी मी पिठाच्या चक्कीलाही एक बांधली. ही अट गुरुजींनी घातली नव्हती. घालायला त्यांच्याकडं वीस वर्षं होती.