अप्पांची कुजबुज आणि वीस मीटर वायर

गल्लीतल्या मारुतीच्या देवळात उत्सवाचा कर्णा कुठल्या बाजूला तोंड करून बांधायचा, हे गेली अकरा वर्षं कृष्णवेणी ठरवते. हे काम तिला कुणी दिलेलं नाही. एका वर्षी कर्ण्याचा आवाज समोरच्या भिंतीवर आदळत होता आणि स्तोत्रातला शब्द म्हणून कुणाला कळत नव्हता. तेव्हा तिनं नैवेद्याचं पातेलं कट्ट्यावर ठेवलं आणि माइकवाल्याला म्हणाली, "तंबी, भिंतीला ऐकवून काय पुण्य लागणार? तळ्याकडं फिरव." त्यानं फिरवला. पुढच्या वर्षापासून दोरी सोडायच्या आधीच तो तिच्या दारात उभा राहून विचारू लागला, "मामी, यंदा कुठं?"

तंजावरात जन्म गेलेल्या बायकांत अशा बऱ्याच जणी आहेत, ज्यांना स्वयंपाकघराबाहेरचं काय काय येतं ते घरच्यांनाच उशिरा कळतं. कृष्णवेणीच्या बाबतीत मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मिक्सर बंद पडला, इस्त्री तापेना, की बायका आधी तिच्याकडं यायच्या. वय बासष्ट, नाकात दोन्हीकडं चमकी, पहाटे सडा घालून कोलम काढल्याशिवाय कॉफीचा घोट नाही, एकादशीला पाण्याशिवाय काही नाही. आणि कान असा, की डब्यातली तूरडाळ हलवून ती जुनी की नवी ते सांगावं.

हा कान तिला वडिलांकडून आला. राघवेंद्रअप्पा पापनाशमच्या शाळेत मास्तर होते आणि संध्याकाळी कीर्तन करायचे. मराठीतून, मध्येच तमिळ पदं घालून, जशी इथली रीत. दोघी मुली मागं उभ्या राहायच्या. जयलक्ष्मी आठ वर्षांनी मोठी, तिच्या हातात झांज. कृष्णवेणी धाकटी. तिचं काम गप्प उभं राहायचं आणि ऐकायचं.

अप्पांची एकच कॅसेट उरली होती, कुंभकर्णाला जागं करण्याच्या आख्यानाची. कार्तिकनं, म्हणजे कृष्णवेणीच्या मुलानं, ती बेंगळुरूला नेऊन पेन ड्राइव्हवर घेतली. त्या आख्यानात अप्पा आधी नुसता कल्लोळ करायचे. ढोल, शंख, हत्तींचं चालणं, सगळं तोंडानं आणि मृदंगावर. कुंभकर्ण काही हलायचा नाही. मग अप्पा एकदम आवाज खाली आणायचे आणि निजलेल्या लेकराच्या कानाशी बोलावं तसं कुजबुजायचे, "ऊठ रे. भाऊ हाक मारतोय." ती कुजबुज ऐकायला लांबलांबच्या गावांहून माणसं सायकली हाणत यायची म्हणतात.

गेल्या वर्षी अप्पांच्या तिथीला जेवणं झाल्यावर ही कॅसेट लावली. घरात जुनं होम थिएटर होतं, डब्यातून सगळं एकत्र येतं तसलं. ढोलाला खिडक्या थरथरल्या. कुजबुज आली तेव्हा काही आलंच नाही, नुसती खरखर. जयलक्ष्मीला त्या सुमारास कमी ऐकू यायला लागलं होतं. ती बाकीच्यांच्या तोंडाकडं बघत होती. सगळ्यांनी माना हलवल्या तशी तिनंही हलवली, पण उशिरा. आवराआवर करताना ती हळूच म्हणाली, "वेणू, पुढल्या वर्षी मी येत नाही गे. लोकांची तोंडं बघत बसायचं, हे काय अप्पांना ऐकणं झालं?"

कृष्णवेणीनं पातेली घासून पालथी घातली. मनात मात्र तिनं ठरवलं, की अक्का येणार आणि ती कुजबुज ऐकणार.

अक्काला कानात घालायचं मशीन घेऊन दिलेलं होतं. ती ते डबीत ठेवायची. "चमचा पडला तरी हातोडा पडल्यासारखं वाटतं," म्हणायची. तेव्हा नुसता आवाज वाढवून भागणार नव्हतं, हे कृष्णवेणीला कळत होतं. तिनं कार्तिकला फोनवर सांगितलं, "मोठं नको, स्पष्ट हवं. खिडक्या नाही हलल्या तरी चालेल."

कार्तिकनं नवा अँप्लिफायर आणि पुढं ठेवायचे दोन चांगले स्पीकर पाठवले. खोकी सोमवारी आली. तिथी रविवारी. स्पीकरची वायर काही खोक्यात नव्हती.

"अम्मा, तू काही करू नको, प्लीज. वायर मी ऑनलाइन ऑर्डर करतो. दोन्हीकडं पाच-पाच मीटर पुरे."

"पाच कशी पुरेल? मध्ये देवघर आहे."

"उंबऱ्यावरून टाकायची, अम्मा."

"देवघराच्या उंबऱ्यावरून? आणि मी रोज ओलांडू?" कृष्णवेणी म्हणाली. "चौकटीच्या वरून जाईल. एका बाजूला चौदा, एका बाजूला सहा. वीस लागेल."

"चौदा मीटर म्हणजे लांब पडते. बारीक वायर चालणार नाही मग."

"मग जाड आणते. तुझं ऑनलाइन रविवारपर्यंत येईलसं वाटत नाही मला."

गुरुमूर्ती, तिचे यजमान, पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्यांच्या काठानं फिरलेले. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बरोबर आहे. लांब कालव्याला रुंदी जास्त लागते. नाहीतर शेवटच्या शेताला पाणीच नाही."

बुधवारी ती गांधीजी रोडवर प्रतापसिंहच्या दुकानात गेली. प्रतापसिंह इथल्याच मराठ्यांच्या घरातला. त्याचं मराठी वेगळ्या वळणाचं, पण बोलायला गोड. त्यानं आधी काचेच्या कपाटातून एक वायर काढली, सापाच्या कातेसारखी विणलेली, टोकांना सोनेरी पिना.

"मामी, हिचा आवाजच वेगळा. पडदा उठल्यासारखा."

"बरं. ही लाव, आणि साधी पण लाव. मी डोळे मिटून बसते. कुठली कुठली ते ओळखलं तर हीच घेते."

प्रतापसिंह हसला आणि साप परत कपाटात ठेवला. मग त्यानं पारदर्शक वेष्टणाची एक जाड गुंडाळी काढली. आत लालसर तारा लखलखत होत्या. "शंभर टक्के कॉपर. डब्यावर लिहिलंय."

कृष्णवेणीनं ती हातात घेतली. वीस मीटरची गुंडाळी, पण हाताला हलकी लागली. चाळीस वर्षं तिनं चिंचेनं तांब्याची भांडी घासली होती. तांब्याला वजन किती असतं ते तिच्या मनगटाला ठाऊक होतं.

"जरा कटर दे."

एक तार सोडवून तिनं पात्यानं हळूच खरवडली. वरचा लाल रंग निघाला आणि खाली पांढरं दिसलं.

"अय्यो," प्रतापसिंह म्हणाला.

"अॅल्युमिनियमला तांब्याचं पाणी दिलंय. डब्यावर बाहेर लिहिलंय ना, तेवढंच कॉपर आहे. बाहेर."

"मामी, कंपनीनं पाठवलं ते मी विकतो. मला काय माहीत?"

"आता माहीत झालं. दुसरी दाखव. अडीच एमएमची. आणि आधी कटर."

तिसरी गुंडाळी खरवडली तेव्हा ती आतपर्यंत लाल निघाली. रंगानं मळकी होती, जड होती. वेष्टण दुधी, दोन तारा शेजारी शेजारी चिकटलेल्या, एकीच्या अंगावरून केसासारखी बारीक लाल रेघ गेलेली. प्रतापसिंहनं वीस मीटर मापून दिली आणि वर एक हात जास्त सोडली. "मामी, आमच्याकडं कामाला या," म्हणाला.

"आले तर तुझी अर्धी गुंडाळी फेकून देईन," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

शुक्रवारी तिनं वायरचे दोन तुकडे केले आणि टोकं सोलली. घरात नवी वस्तू आली की तिला चंदन-कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, हा तिचा नेम. शिवणयंत्र असो, कुकर असो, कार्तिकचा लॅपटॉप असो. स्पीकरना लावलं, अँप्लिफायरला लावलं, आणि वायरच्या चारही टोकांना एकेक कुंकवाचं बोट टेकवलं. नमस्कार केला.

शनिवारी दुपारी चौकटीवरून वायर नेऊन दोघांनी जोडणी केली. ती स्टुलावर चढून खिळे मारत होती. गुरुमूर्ती खाली पालथे पडून स्पीकरच्या मागं टोकं घालत होते. मागं प्रत्येकाला दोन भोकं, एक लाल, एक काळं.

"लाल रेघेची तार लालमध्ये," ती वरून म्हणाली.

"मला वाचता येतं, वेणी."

संध्याकाळचा दिवा लावून तिनं पेन ड्राइव्ह घातला. कल्लोळ सुरू झाला, पण ढोल कागदाचा वाटला. मृदंगाला पोटच नव्हतं. कुजबुज आली, आणि अप्पा कुठं आहेत तेच कळेना. ते मधे नव्हते, डावीकडं नव्हते, उजवीकडंही नव्हते. आधीच्या डब्यापेक्षा वाईट.

"कुंभकर्ण राहिला निजून," गुरुमूर्ती म्हणाले, "आणि अप्पापण निजले त्याच्या शेजारी."

"थट्टा पुरे."

"उद्या अक्का येणार. जुनं लावू या का परत?"

कृष्णवेणी खुर्चीवर बसली होती ती उठली. "जुन्याचं नाव काढू नका. वस्तू चांगली आहे, वायर मी स्वतः खरवडून आणलीय. म्हणजे चूक आपल्या हातची आहे. आपल्या हातची असली तर सापडेल."

ती डाव्या स्पीकरशी जाऊन कान लावून उभी राहिली. अप्पा आहेत, स्वच्छ. उजव्याशी गेली. तिथंही आहेत, स्वच्छ. मधे येऊन उभी राहिली तर नाहीत. पुन्हा डावीकडं, पुन्हा मधे. गुरुमूर्ती बघत राहिले.

"दोघं वेगवेगळे शहाणे आहेत," ती म्हणाली, "पण एकत्र आले की एकमेकांचं खोडून काढतात. ऊंजळावर मूल बसवलं आणि एकानं पुढून, एकानं मागून एकाच वेळी ढकललं, तर झोपाळा हलेल का?"

"तसाच राहील."

"तसंच झालंय. एक ढकलतोय, एक अडवतोय."

ती वाकू शकत नव्हती, दुपारी स्टुलावर चढउतार करून गुडघे धरलेले. म्हणून तिनं मोबाइल स्पीकरच्या मागं खुपसून चार फोटो काढले, दोन स्पीकरचे आणि दोन अँप्लिफायरकडचे. चष्मा लावून एकेक मोठा करून बघितला. उजवीकडच्या दोन्ही टोकांना लाल रेघ लालमध्ये. डावीकडं अँप्लिफायरशी लाल रेघ लालमध्ये. डाव्या स्पीकरशी मात्र लाल रेघ काळ्यात गेली होती, आणि लालमध्ये गेली होती ती बिनरेघेची तार. तिच्यावर ठसठशीत कुंकू.

"अहो, तुम्ही लाल कसं ओळखलंत?"

"लाल दिसलं ते लालमध्ये घातलं. रेघ कुणाला दिसतेय त्या अंधारात? कुंकू दिसलं."

कृष्णवेणीनं कपाळाला हात लावला. बोट टेकवताना दोनांपैकी कुठल्या तारेवर टेकतंय हे तिनं पाहिलंच नव्हतं. तीन टोकांना रेघेच्या तारेवर पडलं, चौथ्याला शेजारणीवर.

"देवाच्या कुंकवाला मी दोष देत नाही," ती म्हणाली. "बोट माझं होतं." मग हसायला लागली. गुरुमूर्तीही हसले आणि पुन्हा पालथे पडले. त्यांनी चारही टोकं काढून दिली, तिनं ती ओल्या फडक्यानं पुसून कोरडी केली, आणि त्यांनी डावी तार उलटवून घातली. या वेळी तिनं वरून बॅटरी धरली आणि रेघ दाखवली.

कल्लोळ लागला तो पोटातून. आणि मग अप्पा बरोबर मधे, टीव्हीच्या जरा खाली, बसल्यासारखे कुजबुजले.

तरी तिची खात्री नव्हती. तिचे कान तिचे होते. उद्याचे कान अक्काचे.

रविवारी अक्का पापनाशमहून गाडीनं आली. "जेवून जाते," दारातच म्हणाली, "ते ऐकायला बसवू नको मला."

"मशीन आणलंयस ना?"

"आहे पिशवीत."

"घाल."

"वेणू, ऐक..."

"अक्का, तुला ऐकू आलं नाही तर पुढल्या वर्षी बोलावणार नाही. शपथ."

अक्कानं कुरकुरत मशीन घातलं. कृष्णवेणीनं खुर्ची दोन्ही स्पीकरच्या मधोमध ओढली, तिला तीत बसवलं, आणि स्वतः मागं जाऊन उभी राहिली, म्हणजे अक्काला तिचं तोंड बघता येऊ नये. गुरुमूर्तींनाही मागं बोलावलं. समोर कुणी नाही.

ढोल झाले, शंख झाले, हत्ती चालले. अक्काची पाठ ताठच. आवाज उतरला. अप्पा म्हणाले, "ऊठ रे. भाऊ हाक मारतोय."

या कुजबुजीनंतर अप्पा दोन श्वास थांबायचे आणि मग झांजेचा एकच ठोका. लहानपणी तो ठोका जयलक्ष्मीचा होता. ही कॅसेट भरली तेव्हा ती सासरी गेली होती, झांज दुसऱ्याच कुणाच्या हातात होती.

खुर्चीत अक्काचा उजवा हात वर गेला. एक श्वास. दोन श्वास. हात मांडीवर आपटला, चट्ट. आणि त्याच्या मागून, अर्ध्या श्वासानं, कॅसेटमधली झांज वाजली.

"उशीर!" अक्का ओरडली आणि मागं वळली. डोळे भरलेले, पण रागावलेली. "ऐकलंस का? उशीर केला. कोण होतं गे हे?"

"सत्यनारायणमामा असतील," कृष्णवेणी कसंबसं म्हणाली.

"ते जेवायलापण उशिराच यायचे." अक्कानं पदरानं डोळे पुसले आणि परत स्पीकरकडं तोंड करून बसली. "आणि आवाज कमी कर. अप्पा एवढ्या मोठ्यानं कुजबुजत नसत."

कृष्णवेणीनं रिमोटवर दोन खाली आणले.

"अजून."

तिनं आणखी दोन आणले.

"हां. आता कुजबुजीच्या आधीपासून लाव. ठोका मी देते, त्या मामांचा ऐकायचा नाही."