अंबरनाथचा पंखा, उल्हासनगरची शिलाई

माझं काम कारखान्यांतल्या यंत्रांची थरथर मोजण्याचं आहे. यंत्र बंद पडण्याआधी ते का बंद पडणार हे सांगायचं. लोक मात्र बहुधा बंद पडल्यावरच बोलावतात. या वेळी बोलावणं अंबरनाथहून आलं. माझे वरिष्ठ आजारी होते, म्हणून कोल्हापूरहून मी प्रथमच एकटी निघाले.

सकाळी कल्याणला उतरले आणि रिक्षाने उल्हासनगर कॅम्प चारला पोचले. कारखान्याचे मालक हरेशभाई तिथेच राहतात. आधी घरी यायचं, असा त्यांचा हुकूम होता. भाभींनी पुढ्यात दाल पकवान (चण्याच्या डाळीबरोबर कडक तळलेली मोठी पुरी) ठेवलं.

"मॅडम, बॉयलरचा पंखा आहे. सारखं बेअरिंग तोडतो," हरेशभाई म्हणाले. "नवीन बेअरिंग टाकतो, नारळ फोडतो, अगरबत्ती लावतो. अजून काय करायचं?"

"बेअरिंग का तुटतं ते बघायचं."

"ठीक आहे, वो भी करू," ते म्हणाले. मी वेगळ्या वासाची अगरबत्ती सुचवल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

कारखाना कापड रंगवण्याचा. बॉयलरचा धूर ओढून चिमणीत फेकणाऱ्या त्या पंख्याचा आवाज फाटकापासूनच येत होता. देखभालीचं काम भोईर बघतात. ते बदलापूरजवळच्या एका गावचे.

"याचा स्वभावच असा हाय," घरातल्या तापट काकाबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

बॉयलर चालवणारे गायकवाड मला आधी दिसलेच नाहीत. ते खांबामागे उभे होते. गेल्या वेळी बेअरिंग तुटलं तेव्हा पंख्याच्या पट्ट्यावरचं लोखंडी झाकण उडून त्यांच्या खांद्यावर आदळलं होतं. हाड जुळलं, पण तेव्हापासून ते मान लांब करून खांबाआडूनच बॉयलरचे काटे वाचत.

"पुढच्या वेळी डोक्यात बसेल," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मी पंख्याच्या चौकटीचा एकेक पाय तपासला. तीन पाय बरे होते, चौथा नाचत होता. पंखा थांबवून त्या पायाखालचा रंग खरवडला, तर खाली लाकडाची पाचर निघाली. कुणीतरी कधीकाळी ठोकलेली. दर दसऱ्याला यंत्राबरोबर तिलाही रंग मिळाला होता, त्यामुळे ती लोखंडात जमा झाली होती.

आम्ही पाचर काढली, पोलादी पट्ट्या घातल्या आणि बोल्ट आवळले. पंखा सुरू केला. थरथर दुप्पट झाली.

हरेशभाई अगरबत्तीच्या पुड्याकडे बघत होते.

संध्याकाळी भोईर मला बदलापूरला घरी घेऊन गेले. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक मासळी) वाढली. अंगणातून चंदेरीचा डोंगर दिसत होता, अगदी स्थिर.

"झाला का पंका बरा?" वहिनींनी विचारलं.

"आधी बरा होता," भोईर म्हणाले.

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. वहिनींनी पाणी दिलं.

सकाळी मी पंखा थांबवून चौथ्या पायाचा बोल्ट पुन्हा सैल करायला लावला. नट फिरला तसा तो पाय आपोआप वर उचलला गेला. भोईर खाली वाकले, मग त्यांनी वर पंख्याला जोडलेल्या धुराच्या पत्र्याच्या नळाकडे पाहिलं.

"मॅडम, हा नळ याला खेचतोय."

खरं होतं. तापला की नळ लांबायचा आणि पंख्याला वर ओढायचा. पाचरीने ते फक्त लपवलं होतं, आणि आम्ही पाय जबरदस्तीने आवळून चौकट पिळली होती. नळ कापून मध्ये उष्णता सोसणाऱ्या जाड कापडाची बाही बसवायला हवी होती. कापड हरेशभाईंनी मिळवलं. प्रश्न शिवणार कोण हा होता. तो उल्हासनगरात फार वेळ टिकला नाही. कॅम्पातल्या एका जीन्स शिवणाऱ्या कारागिराकडे आम्ही गेलो.

त्याने कापड चाचपलं. "कमर कितनी?"

मी नळाचा घेर सांगितला. त्याने वर पाहिलं. "पहनेगा कौन?"

"पंखा."

त्याने कापडावर खडूने रेघ मारली. "जेब लगाऊं?"

खिसा नको, असं हरेशभाईंनी गंभीरपणे सांगितलं.

दुपारी बाही बसली. नळ मोकळा झाला, पाय जमिनीला टेकले. भोईरांनी बटण दाबलं. माझ्या मापकाच्या काट्याने थरथर दाखवली ती इतकी थोडी, की मी आधी माझं यंत्र तपासलं. तेवढ्यात गायकवाड धावत आले आणि त्यांनी बॉयलर बंद केला.

"पंखा थांबला!" ते ओरडले. "आवाज नाही!"

पंखा फिरतोय हे त्यांना दाखवावं लागलं. दुरुस्तीनंतर कारखाना पहिल्यांदा बंद पडला तो दुरुस्तीमुळेच. गायकवाडांनी बराच वेळ पंख्याकडे बघितलं. मग एक स्टूल आणलं, काट्यांसमोर ठेवलं आणि त्यावर बसले. खांबामागे त्यांचा डबा तेवढा राहिला होता. तो भोईरांनी आणून दिला.

परतीच्या गाडीत मी स्वतःवर खूश होते. एकच यंत्र आजारी होतं आणि ते आता बरं झालं होतं, असा माझा समज होता.

कोल्हापुरात पोचून थोडे दिवस झाले तोच भोईरांचा फोन आला.

"मॅडम, पंका एकदम शांत हाय. पण आता बाजूच्या पंपाचा आवाज ऐकू यायला लागलाय. आधी कधी ऐकला नव्हता."

त्यांनी फोन पंपाजवळ धरला. मी टेबलाशी डोळे मिटून ऐकलं. बारीक, घासल्यासारखा, न थांबणारा आवाज होता. कारखान्यात जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आपण धावतो, आणि शेजारी कोण कण्हतंय ते तो गप्प झाल्याशिवाय कळत नाही. हा पंप नव्याने बिघडलेला नव्हता. तो कित्येक महिने असाच कण्हत असणार.

"गायकवाड कुठे बसलेत?" मी विचारलं.

"पंपाजवळ," भोईर म्हणाले. "त्यांनीच तर ऐकला."