लिंबाखालची जागा

पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास योजताना कामांची वाटणी आधी ठरते. रस्ता बांधणारी यंत्रणा आराखडा देते. काय तपासायचे हे तज्ज्ञ समिती सांगते. तपासणी आमच्यासारखे सल्लागार करतात आणि जनसुनावणी प्रदूषण मंडळ घेते. चाकूरजवळच्या वळणरस्त्यासाठी आमची बैठक नांदेडला झाली. हवा, पाणी, आवाज, झाडे सहकाऱ्यांनी घेतली. माझ्याकडे माणसे आली, म्हणजे घरे, देवळे आणि स्मशाने.

पहिल्याच पाहणीत एका बांधाजवळ, लिंबाखाली, एक वृद्ध शेतकरी बसलेले दिसले. ते लिंगायत. त्यांच्यात अनेक घरी दहन न करता शेतातच माती देतात. त्यांच्या पत्नीला त्या लिंबाखाली दिली होती. वर ओटा नव्हता की दगड नव्हता. रस्त्याची आखणी तिथूनच जात होती. सहकाऱ्याने आवाज मोजण्याचे यंत्र नेमके त्या जागी उभे केले, तेव्हा ते हसले.

"हे यंत्र ती जिती असताना आणायचं व्हतं, सायेब. काटाच तुटला असता!"

मी पूर्वी चाकूरला शिकवत असे, हे त्यांना ठाऊक होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, झाडावर तर नंबर टाकला. तिला कोन मोजायलंय?"

"स्मशानं माझ्याकडे आहेत, आजोबा."

"हे समशान न्हाई. शेत हाय. माझी जागा बी तिच्याच बाजूला हाय."

त्यांचे बरोबर होते. आमच्या लेखी स्मशान म्हणजे गावाची नोंदलेली जागा. घरच्या शेतातली समाधी कोणाच्याच वाट्याला आली नव्हती. मी आमच्या अभ्यासाच्या समन्वयकांशी बोललो. त्यांनी 'शेतातील समाधी, एक' अशी नोंद घ्यायला लावली आणि आखणी थोडी सरकवण्याची शिफारसही लिहू दिली. मात्र शिफारस मान्य करायची की नाही, हे यंत्रणेने ठरवायचे. हे मी आजोबांना समजावले.

"म्हंजे इचारनार तुमी, आन् ठरवनार दुसराच," ते म्हणाले.

उत्तर येण्याआधीच ते गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला.

"सर, जमीन अजून आमचीच हाय, म्हणून बाबांना आईजवळच माती दिली. तुमच्याकडं एक लिहिलंय ना? आता दोन करा."

मी नोंद दुरुस्त केली. पुढे यंत्रणेचे उत्तर आले. आखणी बदलणार नव्हती. ते मुलाला कळवणे कोणाच्याच कामात धरलेले नव्हते. मी चाकूरची बस धरली.